पेरमपल्लीचा रंग

नंदनवार सरांनी तर्री-पोह्याची प्लेट नुकतीच हातात घेतली होती. पहिला घास तोंडात जायच्या आत भिंतीवरच्या नकाशाची पूर्वेकडची बाजू लाल झाली. उमरेडपासून गडचिरोलीपर्यंतची सगळी रेघ. सरांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी तोवर तन्वीरला फोन लावला होता.

तन्वीर शेख हा आमचा जागेवर जाऊन केबल जोडणारा माणूस. योगायोगाने तो त्या दिवशी नागभीडजवळच होता. थोड्याच वेळात त्याचा उलटा फोन आला. रस्त्याच्या कामावरच्या पोकलेनने आमची केबल नुसती तोडली नव्हती, लांबवर उपसून काढली होती.

"मॅडम, खड्ड्यात पानी हाये," तो म्हणाला. "आधी पानी उपसा लागंल, मंग जोडनी. दिवस जाईन यातच."

तेव्हा मी नागपुरात एका दूरसंचार कंपनीच्या नियंत्रण कक्षात काम करत होते. पूर्व विदर्भातल्या केबल आमच्याकडे होत्या. लोकांना वाटतं फोन आणि इंटरनेट हवेतून जातं. हवेतून जातं ते फक्त मोबाइलच्या टॉवरपर्यंत. पुढे सगळं केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाश होऊन जातं. एका तंतूत प्रकाशाचे अनेक रंग एकाच वेळी सोडलेले असतात आणि प्रत्येक रंगावर वेगळं ओझं. एकावर बँका, एकावर एखाद्या तालुक्याचे सगळे टॉवर, एकावर सरकारी दवाखाने. डोळ्यांना ते रंग दिसत नाहीत, पण आमच्या बोलण्यात ते रंगच होते. अमुक रंग आजारी आहे, तमुक रंग सुधारला, असंच आम्ही म्हणायचो.

मुख्य रस्ता तुटला की सगळे रंग जुन्या, लांबच्या वाटेने वळवायचे. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर, आलापल्ली आणि तिथून जंगलात. त्या वाटेवरची केबल जुनी होती आणि एरवी अर्धी रिकामी असायची. त्या दिवशी ती काठोकाठ भरली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रकाश लांब गेला की थकतो. तो फार मंद झाला तर गोंगाटात बुडून जातो. म्हणून कुणालाही वाटेल की जोर वाढवावा. पण जोर वाढवला की तो प्रकाश ज्या काचेतून चाललाय तिचाच गुण बदलायला लागतो आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळून बिघडतात. एकाला जास्त दिलं की शेजारच्याचं नुकसान. शेजाऱ्यालाही वाढवून दिलं तर पहिल्याचं. मंद आणि प्रखर यांच्या मधली एक अरुंद जागा असते, आणि तीही जागच्या जागी राहत नाही. ऊन चढलं, एखादा रंग नव्याने आला, एखादा गेला, की सरकते. माणसाने तिच्यामागे धावणं शक्य नाही. त्यासाठी आमच्याकडे एक प्रणाली होती. सतत प्रत्येक रंगाची तब्येत बघायची आणि जरा इकडे, जरा तिकडे करत सगळ्यांना जगवायची. तिचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. नंदनवार सर तिला 'तोल' म्हणायचे, म्हणून आम्हीही.

त्या सकाळी तोलने खरोखर कमाल केली. सगळे रंग जुन्या वाटेवर आणले, प्रत्येकाचा जोर कमी-जास्त करून बसवले. काही रंगांवर अधूनमधून चुका दिसत होत्या, पण मेलं कुणी नव्हतं. सर्वांत कठीण होता पेरमपल्लीचा रंग. तो सगळ्यांत लांब जायचा, सगळ्यांत जास्त थकायचा. तरी तोही उभा होता. मी त्याच्याकडे जरा जास्तच बघत होते, कारण पेरमपल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात माझी मोठी बहीण होती. डॉक्टर मंजूषा भोयर. माझी मंजूताई.

ताई तिथे स्वतःहून गेली होती. नागपुरात चांगली नोकरी चालून आली असताना तिने तो दवाखाना मागून घेतला. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. दवाखान्यात अतिदक्षतेच्या दोन खाटा होत्या आणि वर एक कॅमेरा. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर कोठेकर त्या कॅमेऱ्यातून रोगी बघायचे, मॉनिटरवरचे आकडे त्यांना इथे दिसायचे, आणि ताईला ते शेजारी उभं राहिल्यासारखे सांगायचे. ती सोय आमच्याच केबलवरून होती. ताई सुट्टीत आली की मला विचारायची, तुझा तो प्रकाश नेमका जातो कसा गं. मी कागदावर रेघोट्या मारून सांगायची. तिला सगळं पटकन कळायचं.

दुपारच्या आधी मुंबईहून फोन सुरू झाले. आमचा एक बडा ग्राहक होता, ज्याचं सगळं कामकाज त्या वाटेवरच्या एका रंगावर चालायचं. त्याच्या रंगावर बारीकसारीक चुका येत होत्या. काम थांबलं नव्हतं, पण अडखळत होतं. आमच्या मुख्य कार्यालयाला ते नको होतं. नंदनवार सर एकेका फोनला शांतपणे उत्तर देत होते, की आत्ता कुणालाही जास्त देता येणार नाही, संध्याकाळपर्यंत कळ काढा. मग एक फोन असा आला की त्यावर सर उभे राहून बोलले. नुसतं 'हो साहेब' म्हणत राहिले. फोन ठेवून ते माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, मी थोडा वेळ हातात घेतो.

तोलला बाजूला करून रंगांचा जोर हाताने ठरवायची सोय होती. ती वापरायची परवानगी आमच्या पाळीत फक्त सरांना आणि मला होती.

"सर, त्याच्या दोन्ही बाजूंचे रंग काठावर आहेत," मी म्हणाले.

"माहीत आहे. त्यांचं समाधान झालं की परत देतो तोलकडे."

सर वाईट माणूस नव्हते. मी पाहिलेल्या साहेबांमधले ते सगळ्यात सभ्य. कुणाला वेडंवाकडं बोलायचे नाहीत, चूक झाली तर अंगावर घ्यायचे. त्यांनी त्या एका रंगाचा जोर वाढवला. तो स्वच्छ झाला, मुंबईहून आभार आले. तेवढ्यात त्याच्या शेजारचे दोघे बिघडले. सरांनी त्यांना थोडं वाढवून दिलं. मग त्यांच्या पलीकडचे बिघडले. सरांचे हात भराभर चालत होते, आणि मला दिसत होतं की ते जितकं सावरताहेत तितकं पुढचं कोसळतंय. हाताने चालवताना आपण एका वेळी एकाच रंगाकडे बघतो, तेच चुकतं. बघता बघता जुन्या वाटेवरचे सगळे रंग गेले. चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडचे फोन बंद. नकाशावर हिरवी म्हणून एक रेघ राहिली नाही.

सरांनी हात काढून घेतला आणि सगळं तोलकडे परत दिलं. तोलने शून्यापासून सुरुवात केली. अगदी मंद प्रकाश, एकेक रंग, एक स्थिर झाला की दुसरा. बराच वेळ गेला. जवळचे आधी आले, लांबचे मागून. पेरमपल्ली सगळ्यात शेवटी आला आणि नीट आलाच नाही. यायचा, टिकायचा, जायचा. सकाळी त्याला जेवढी जागा मिळाली होती तेवढी आता तोल द्यायला तयार नव्हता. सगळं एकदा कोसळल्यावर तो प्रत्येकाला जरा राखूनच देत होता. त्या जागेत तुटक आवाज गेला असता, चित्र जाणं अशक्य होतं.

आणि ताईचा फोन आला.

आवाज तुकड्यातुकड्यांत येत होता. मधेच गप्प व्हायचा, मग पुढचाच शब्द. तिने माझं बरं-वाईट काही विचारलं नाही. आश्रमशाळेतल्या दोन मुली सकाळी आणल्या होत्या. पोटात दुखतंय, उलट्या होताहेत. शाळेतल्या बाईंना वाटलं खाण्यातून काही झालं. ताईने त्यांच्या पापण्या बघितल्या. उघडायला गेल्या तरी उघडत नव्हत्या. रात्री एकाच सतरंजीवर झोपल्या होत्या आणि मण्यार दोघींना चावून गेला होता. मण्यार चावलेला कळतही नाही. लस दिली होती, पण विष चढत चाललं होतं, आणि ते श्वासाचे स्नायू लुळे करतं.

"रेणू, मला कोठेकर सर हवेत," ती म्हणाली. "चित्र हवं. दोघी दिसल्या पाहिजेत त्यांना."

मी सांगितलं की केबल तुटली आहे, माणूस जागेवर आहे, संध्याकाळपर्यंत होईल.

"संध्याकाळ माझ्याकडे नाही." मग मधला भाग गेला. मग, "...तूच सांगितलं होतंस. हाताने वाढवता येतं. आमचा तेवढा वाढव. थोडा वेळ."

मी पडद्याकडे बघितलं. पेरमपल्लीच्या एका बाजूला एक कॉलेज आणि काही कार्यालयं होती. दुसऱ्या बाजूच्या रंगावर चार जिल्ह्यांतली ॲम्ब्युलन्स बोलवायची मदतवाहिनी होती. दोन्ही आत्ताच कशाबशा उभ्या. पेरमपल्लीला चित्र जाण्याइतका जोर दिला तर ती मदतवाहिनी जाणार हे मला दिसत होतं. किती वेळासाठी, तिच्यामागून आणखी काय जाईल, ते मला सांगता आलं नसतं. तासाभरापूर्वी सगळं कोसळताना बघितलं होतं. किंवा असंही झालं असतं की काहीच कोसळलं नसतं. थोडा वेळ तग धरला असता, कोठेकर सरांनी मुली बघितल्या असत्या, मी परत खाली आणलं असतं, आणि त्या वेळात कुणी ॲम्ब्युलन्सला फोन केलाच नसता. तेही शक्य होतं.

नंदनवार सर माझ्या मागे उभे होते. फोनचा आवाज त्यांना ऐकू येत असावा. ते खाली वाकून अगदी हळू म्हणाले, "करून टाक, रेणुका. माझ्या नावावर कर. मुंबईवाल्यांसाठी केलं, हिच्यासाठी का नाही?"

आणि ते वळून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

"रेणू? तू आहेस का?"

"आहे."

"तू हे करू शकतेस की नाही?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. प्रणाली ऐकत नाहीये, वरून परवानगी नाही, काहीही. तिने विश्वास ठेवला असता.

"करू शकते," मी म्हणाले.

"मग?"

"करणार नाही, ताई. शेजारी ॲम्ब्युलन्सची लाइन आहे. ती जाईल."

मला वाटलं आवाज गेला. पण मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी माडिया बोलीत काहीतरी सांगत होतं, म्हणजे लाइन होती.

मी घाईघाईने म्हणाले, "ताई, असं करू. कोठेकर सरांना मी दुसऱ्या फोनवर घेते. इथून ते लागतील. तू मला सांग मुलींचं काय चाललंय, मी त्यांना सांगते. ते म्हणतील ते मी तुला सांगते. तुटकं आलं तर परत परत सांगेन. मी उठणार नाही इथून."

"नको," ताई म्हणाली.

"अगं पण..."

"नको म्हटलं ना, रेणू. ठेव तू."

तिनेच फोन ठेवला. मी परत लावला, लागला, तिने उचलला नाही. मग तो रंग गेला.

तन्वीरने पाणी उपसून, गुडघाभर चिखलात तंबू ठोकून जोडणी केली. ऊन उतरायच्या आत मुख्य वाट पुन्हा सुरू झाली. सगळे रंग आपापल्या जागी परतले. पेरमपल्लीचा रंग इतका स्वच्छ झाला की जणू दिवसभर काही घडलंच नव्हतं. मी कोठेकर सरांच्या विभागात फोन करून विचारलं, पेरमपल्ली दिसतंय का. दिसतंय, म्हणाले. एक मुलगी कृत्रिम श्वासावर आहे, प्रकृती ठीक वाटतेय. दुसरी कुठे आहे, मी विचारलं. दुसऱ्या खाटेवर कुणी नाही, ते म्हणाले.

दुसरी मुलगी ॲम्ब्युलन्समध्ये गडचिरोलीच्या वाटेवर होती आणि आष्टीच्या पुलापर्यंत पोचली नाही. हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. आतल्या पानावर, चार ओळींत. आश्रमशाळेतील विद्यार्थिनीचा सर्पदंशाने मृत्यू. नाव नव्हतं. पेरमपल्लीचा रंग मधे थोडा आला तेव्हा ती ॲम्ब्युलन्स ज्या मदतवाहिनीवरून मागवली होती ती शेजारच्या रंगावर होती. मी तो रंग सांभाळला होता म्हणून गाडी आली. हे मला लगेच सुचलं आणि ते ताईला सांगायचं नाही हेही लगेच ठरलं. मेलेल्या मुलीची गाडी वेळेवर आली होती, याचं समाधान कुणाला सांगणार?

ताईने आठवडाभर माझा फोन घेतला नाही. मग घेतला, आईच्या औषधांबद्दल बोलली. दिवाळीला घरी आली, चकल्या तळल्या, आईशी भांडली, माझ्या लग्नाचा विषय काढला. त्या दिवसाचा उल्लेख तिने केला नाही आणि मीही केला नाही. आधी ती माझ्या खांद्यावर हात टाकून बोलायची. ते बंद झालं. समोर बसून बोलायची, पण मधे कुणीतरी बसल्यासारखं. माझ्या कामाबद्दल तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

कंपनीने चौकशी केली. नंदनवार सरांनी स्वतःच सांगितलं की हाताने चालवायचा निर्णय त्यांचा होता, मुंबईहून कुणाचा फोन होता ते मात्र सांगितलं नाही. त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी मला चहाला नेलं. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तू तिला 'होत नाही' म्हणून सांगायला हवं होतंस. तिलाही सोपं गेलं असतं, तुलाही."

"ती माझी बहीण आहे, सर. तिने सरळ विचारलं."

"म्हणूनच," सर म्हणाले.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. माझी 'करू शकते' आणि 'करणार नाही' ही दोन उत्तरं ताईला लागली आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली. खोटं बोलले असते तर ती यंत्रावर चिडली असती, माझ्यावर नाही. पुढची वर्षं मी ती समजूत बाळगूनच काढली. माझं लग्न झालं, मुलगा झाला. ताईने पेरमपल्लीत आणखी काही वर्षं काढली, मग वर्ध्याला आली, शिकवायला लागली. आई गेली. आम्ही एकमेकींकडे यायचो, जायचो, सणवार करायचो. परक्यांना आमच्यात काही उणं दिसलं नसतं.

गेल्या वर्षी ताई एका परिषदेसाठी नागपूरला आली आणि माझ्याकडे उतरली. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघीच घरात होतो. मी लॅपटॉप उघडून बसले होते. आता त्या नियंत्रण कक्षाची मी प्रमुख आहे. आमच्या प्रणालीची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्या मंजुरीच्या कागदांवर माझी सही हवी होती. ताईने विचारलं, काय करतेस. किती वर्षांनी तिने ते विचारलं. मला इतकं बरं वाटलं की मी भडाभडा सांगत सुटले. नवी प्रणाली जुन्या तोलच्या कितीतरी पुढची आहे. काय बिघडणार ते बिघडायच्या आधी ओळखते. दवाखाने, पोलीस, ॲम्ब्युलन्स यांचे रंग तिला वेगळे ओळखता येतात, त्यांना ती आधी वाचवते. आणि मुख्य म्हणजे, मी म्हणाले, आता हाताने चालवायची सोयच काढून टाकली आहे. ते माझ्याच आग्रहावरून. यापुढे कुणी साहेब फोन करून काही वाढवून मागू शकणार नाही.

ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी असं असतं तर तुझ्या जागी कुणीच नसतं."

त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. मी लॅपटॉप मिटला.

"मी असते," मी म्हणाले. "पण माझ्या हातात काही नसतं."

"मग तू 'होत नाही' म्हणाली असतीस आणि ते खरं असतं."

"हो."

"आणि मग मी कुणाला फोन केला असता?"

मला तिचं म्हणणं कळलं नाही. मी म्हणाले की ताई, मला त्याच दिवशी तुला समजावून सांगायचं होतं, पण तू फोन घेत नव्हतीस. मी चित्र का दिलं नाही ते...

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू एका वाक्यात सांगितलंस. माझ्या जागी कुणालाही कळलं असतं. रेणू, माझ्याकडे श्वासाचं मशीन एकच होतं."

बाहेर कुणीतरी पाण्याची टाकी भरायला मोटर लावली होती, तिची घरघर येत होती. ताई शांतपणे बोलत राहिली, वर्गात शिकवताना बोलत असेल तशी. दोन मुली आणि मशीन एक. एका मुलीचा श्वास जवळजवळ थांबला होता. दुसरीचा मंद होता, पण चालू होता. जिचा थांबला तिला मशीन लावायचं आणि जिचा चालू आहे तिला हाताने श्वासाचा फुगा दाबत गडचिरोलीला पाठवायचं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कुठल्याही डॉक्टरने तेच केलं असतं.

"कोठेकर सर काय सांगणार ते मला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "मला त्यांचं मत नको होतं. मला ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. ते म्हणाले असते, हिला मशीन लाव, तिला गाडीत घाल, आणि मी फक्त केलं असतं."

मी मिटलेला लॅपटॉप बाजूला ठेवला.

"तू नाही म्हणालीस तेव्हा मला राग आला. खूप. पण तू स्वतःच्या तोंडाने नाही म्हणालीस. कुणाच्या आड गेली नाहीस. मी फोन ठेवला आणि मला लाज वाटली, की मी कॅमेऱ्याच्या आड जायला बघतेय."

"पण मी तर म्हणत होते, मी मधे बसते. कोठेकर सर जे म्हणतील ते मी तुला सांगते."

"तेच तर." ताईने माझ्याकडे बघितलं. "ते वाक्य तुला म्हणावं लागलं असतं, रेणू. तुटक लाइनवर, परत परत. कुठल्या मुलीला गाडीत घालायचं, ते तुझ्या तोंडून. तू जन्मभर ते वाक्य ऐकत बसली असतीस."

मोटर बंद झाली. मला एकाएकी वाटलं की इतकी वर्षं आमच्या मधे कुणीतरी बसलं होतं ते खरंच होतं, आणि ते कोण होतं हे मला माहीतच नव्हतं. वर्तमानपत्रात नाव नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"सुगंधा," ताई म्हणाली. "सुगंधा तलांडी. सातवीत होती."

आणि मग ती सांगत राहिली. सुगंधा कबड्डीत चांगली होती, जिल्ह्याला जाऊन आली होती. तिचे वडील तेंदूपत्त्याच्या कामावर गेले होते, त्यांना निरोप पोचायला दोन दिवस लागले. ते आले तेव्हा ताईवर रागावले नाहीत, दवाखान्याच्या पायरीवर बसून फक्त एवढंच विचारत राहिले की ती शेवटी काय म्हणाली. दुसरी मुलगी मैनी, ती वाचली. तिचं आता लग्न झालंय.

"त्यांना सांगितलंस?" मी विचारलं. "ती काय म्हणाली ते?"

"सांगितलं," ताई म्हणाली. मशीन लावलेली मैनी शेजारच्या खाटेवर डोळे मिटून स्वस्थ पडली होती. सुगंधाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिच्या पापण्या मिटलेल्याच होत्या, पण ताईने बोटाने एक उचलून धरली आणि तिला सांगितलं की तुला मोठ्या दवाखान्यात नेतोय. तिची जीभ जड झाली होती. ताईला तिच्या ओठांशी कान न्यावा लागला.

"ती म्हणाली, मॅडम, मैनीला उठवू नका. आत्ता कुठे झोपली ती."